खांबेटेकाकांच्या बंदुका

खांबेटेकाकांना माझा संशय येतो आहे हे मला डब्यावरून कळलं. लंडनच्या हाउन्सलोहून आणलेल्या अळूच्या पानांची भाजी मी त्यांच्याकडे पाठवली होती. आठवड्यानं डबा परत आला तो घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. साउथहॅम्प्टनच्या आमच्या रस्त्यावर मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. इतक्या वर्षांत त्या घरातून माझा डबा कधी रिकामा आला नव्हता. काहीच नसलं तर सुधाकाकू खडीसाखरेचे चार खडे तरी टाकायच्या. रिकामा डबा परत करू नये हे काकांनाही चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी तो मुद्दाम त्यांनीच आणून दिला आणि चपलाही न काढता दारातूनच मागे फिरले.

काका आता नाहीत. काकू मुलीकडे, कार्डिफला असतात. त्यांच्या घरात एक तरुण जोडपं राहायला आलं आहे, आणि मी अजून त्या दाराकडे जरा जपूनच बघते. संशयाची सवय संसर्गजन्य असते.

काका भूलतज्ज्ञ होते. ऐन तरुणपणी पुण्याहून आले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या हॉस्पिटलात माणसांना झोपवण्याचं आणि उठवण्याचं काम करत राहिले. त्यातलं झोपवणं सोपं, असं ते म्हणायचे. यंत्रावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. यंत्र खोटं बोलत नाही पण डुलक्या काढतं, हा त्यांचा सिद्धांत. मी पुन्हा उठेन ना डॉक्टर, असं एखाद्या पेशंटनं विचारलं तर बाकीचे डॉक्टर हसून धीर देतात. काका म्हणत, तेच बघायला मी इथे बसणार आहे. पेशंटला यात धीर कितपत मिळत असेल कोण जाणे.

निवृत्त झाल्यावर हा सगळा संशय त्यांनी घरी आणला. दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचून झाली की ते दूध हुंगायचे, कारण तारीख काय, कुणीही छापतं. बसवर नंबर लिहिलेला असला तरी चढताना ड्रायव्हरला विचारायचे, ही खरंच तिकडे जाते ना. मंडळाच्या गणपतीत आरती संपली की आमचा खजिनदार पराग दक्षिणेचं ताट उचलायचा, आणि काका त्याच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे. परागनं कधी एक पेनी इकडची तिकडे केली नाही. पण न केल्याचा पुरावा काय, असं काका विचारत. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काका पाणीसुद्धा फुंकून प्यायचे, आणि त्यांचं तोंड कशानं पोळलं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुठलीही गोष्ट दाखवताना ते ती समोरच्याच्या नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, "तू बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

अशा माणसाच्या घरात बंदुका होत्या.

एका गोऱ्या सर्जन मित्रानं त्यांना कधीकाळी शेतावरच्या क्लबात नेलं होतं. तिथे यंत्रातून मातीच्या तबकड्या आकाशात भिरकावतात आणि लोक त्यांच्यावर नेम धरतात. आयुष्यात अंडं न खाल्लेले काका तिथे रमले. तबकडी शाकाहारी असते, असं त्यांनी काकूंना पटवलं. पण मला वाटतं, ते भाळले ते नेमबाजीवर नाही, कायद्यावर. बंदुकीचं सर्टिफिकेट देण्याआधी पोलीस घरी आले, जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, चौकशी झाली, लोखंडी कपाट भिंतीत पक्कं बसवलंय का ते हलवून पाहिलं. काका हे सांगताना खुलायचे. या देशानं पगार दिला, पेन्शन दिली, पण खरा आदर त्या दिवशी दिला, म्हणायचे. माझ्यावर पूर्ण संशय घेतला आणि मग बंदूक दिली. कपाटाची चावी कुठे आहे हे बायकोलाही कळता कामा नये, हा नियम तर त्यांना फारच आवडला. ते दर थोड्या दिवसांनी चावीची जागा बदलत. काकू म्हणायच्या, लग्नाला पन्नास वर्षं होत आली आणि सरकारनं आता यांना बायकोपासून लपवायला काहीतरी मिळवून दिलं.

मग तो सर्जन मित्र वारला. त्याच्या बायकोकडे सर्टिफिकेट नाही, त्यामुळे नवऱ्याच्या बंदुका तिला घरात ठेवता येईनात. काकांनी त्या रीतसर आपल्या सर्टिफिकेटवर घेतल्या, गिऱ्हाईक शोधलं, आलेले पैसे तिच्या हातात ठेवले. क्लब म्हाताऱ्यांचा. लवकरच दुसरी बाई विधवा झाली, मग तिसरी. त्या बायकांत काकांचं नाव पसरलं. आमच्या रस्त्यावर अनोळखी गाड्या थांबायला लागल्या आणि हातात लांबट पिशव्या घेतलेले पुरुष खांबेट्यांच्या दारातून आत जाऊ लागले. मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. माझा नवरा निखिल एकदा म्हणाला, काका काहीतरी धंदा करतायत. मी त्याला गप्प केलं, पण माझ्याही मनात तेच होतं.

एकदा काकूंची औषधं द्यायला गेले, मी फार्मसिस्ट आहे, तर बैठकीच्या खोलीत असंच एक गिऱ्हाईक बसलं होतं. छानसं जाकीट, चकचकीत बूट. काकांनी त्याचं सर्टिफिकेट उजेडात धरलं, मग ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं, मग दोन्ही फोटो एकमेकांशेजारी धरून त्या माणसाला खिडकीकडे तोंड करायला लावलं. घरी कोण कोण असतं, दारू किती घेता, आधीची बंदूक का विकली, झोप लागते का. तो बिचारा सगळी उत्तरं देत होता. शेवटी त्यानं विचारलं, पैसे आज देतो, बंदूक न्यायला शनिवारी मेव्हण्याला पाठवलं तर चालेल का? काका उठले, त्याचा कोट आणून त्याच्या हातात दिला आणि दार उघडून उभे राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, "मेव्हणा. बघितलंस?" जणू त्या एका शब्दात अख्खी टोळी पकडली होती.

विकणारा इतका नाखूश आणि घेणारा इतका घामाघूम, असा सौदा मी दुसरा पाहिला नाही. तरी मी त्या दिवशी विचारलंच. म्हटलं, "काका, याला दुकानदाराचं लायसन्स लागत नाही का?"

आधी ते शांतपणे समजावायला लागले. आपल्या सर्टिफिकेटवरची बंदूक दुसऱ्या सर्टिफिकेटवाल्याला विकायला डीलर असावं लागत नाही. समोरासमोर द्यायची आणि पोलिसांना मुदतीत कळवायचं. धंदा म्हणून विकायच्या असतील तरच डीलर म्हणून नोंदणी लागते.

"मग धंदा कितव्या बंदुकीपासून सुरू होतो?"

"तसा आकडा कायद्यात नाही. किती वेळा, कशासाठी, एकंदर काय चाललंय ते बघतात."

"आणि एकंदर काय चाललंय?"

 मी नफा घेत नाही, काका म्हणाले. ते खरं होतं. पण फडताळात त्या बायकांनी दिलेल्या प्लमच्या जॅमच्या बाटल्या होत्या, न पिणाऱ्या घरात शेरी होती, आणि मागच्या शेडमध्ये एका दिवंगत मेजरचं गवत कापायचं यंत्र उभं होतं. क्लबच्या फळ्यावर काकांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्डही लावलं होतं, बंदुकांच्या विक्रीसाठी भेटा म्हणून. मी हे सगळं मोजून दाखवलं. मी दिवसभर काउंटरमागे उभी असते, काका, म्हटलं, मला दुकान ओळखता येतं. त्यांना ते लागलं. त्या दिवशी चहा झाला, पण बोलणं झालं नाही.

याच सुमाराला चावी हरवायला लागली. आधी काका ती लपवत होते, आता ती त्यांच्यापासूनही लपू लागली. रश्मी, त्यांची मुलगी, कार्डिफहून आली की तिच्या कानावर यायचं. ती इथेच जन्मली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. "बाबा, तू चावी कुठे ठेवला ते आठव ना," ती म्हणायची, आणि काका तिला उलट विचारायचे, तुला कशाला हवी. एकदा काकूंना मेथीच्या बरणीत सापडली. त्यांनी ती बघितली, झाकण लावलं आणि दिवसभर गप्प बसल्या, कारण त्यांना माहीत असणं हाच गुन्हा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं चाललं होतं. आम्हाला त्याचं हसू यायचं. कुणाच्याही मनात त्या हसण्यापलीकडचं काही आलं नाही, निदान माझ्या तरी नाही.

खंडेनवमीला काकांकडे शस्त्रपूजा असायची. आम्ही मंडळातले चारपाच जण फराळाला जायचो. पाटावर लाल वस्त्र, त्यावर काकूंची विळी, काकांचं जुनं लॅरिंगोस्कोप, ज्यानं त्यांनी हजारोंच्या घशात डोकावलं होतं, आणि मधोमध त्यांची स्वतःची दोन नळ्यांची बंदूक. पाहुण्यांनी सोफ्यावर बसायचं, पाटाजवळ यायचं नाही. पूजेआधी काका बंदूक मधोमध वाकवून उघडायचे, सगळ्यांच्या दिशेनं फिरवायचे आणि म्हणायचे, "बघा, रिकामी आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बघा." आम्ही माना डोलवायचो. मग काकू हळदकुंकू वाहायच्या.

त्या वर्षी काका सकाळी क्लबात जाऊन आले होते. बंदूक उघडली, आमच्याकडे फिरवली, ठरलेलं वाक्य म्हटलं. काकू तबक घेऊन वाकल्या, जरा जास्तच वेळ वाकलेल्या राहिल्या आणि मग तबक घेऊन तडक आत गेल्या. परागनं विचारलं, आरती राहिली की. काका म्हणाले, कापूर आणायला गेली असेल. कापूर तर पाटावरच होता. काकू बऱ्याच वेळानं आल्या, चेहरा धुतलेला, आणि आरती झाली.

नंतर थंडी सुरू झाली आणि एका सकाळी काकूंचा फोन आला, ये ग जरा, मला एकटीला धीर होत नाही. पोलिसांच्या बंदूक खात्याची बाई आली होती, बरोबर एक तरुण सहकारी. बाई पिकल्या केसांची, मऊ आवाजाची. कुणीतरी कळवलंय, म्हणाली, की इथून पुष्कळ बंदुका विकल्या जातात. काकांनी तिला मला सांगितला तोच कायदा सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं. प्रत्येक विक्री तुम्ही कळवली आहे, त्यात खोट नाही, म्हणाली. पण कार्ड, इतक्या जणींच्या बंदुका, वर्षानुवर्षं, हे आता छंदासारखं दिसत नाही. दोन वाटा आहेत. रीतसर डीलर व्हायचं, म्हणजे तपासण्या, नोंदी, सगळं आलं. नाहीतर हे थांबवायचं. मग तिनं कपाट बघायला मागितलं.

काका चावी आणायला आत गेले ते आलेच नाहीत. आम्ही बसून राहिलो. आत डबे उघडल्याचे, ड्रॉवर ओढल्याचे आवाज येत होते. काकू कपातल्या चहाकडे बघत होत्या. तरुण पोलीस उठायला लागला तर बाईनं त्याला हातानंच बसवलं. शेवटी काका आले, मुठीत चावी, आणि मनगटापर्यंत तांदळाचं पीठ. बाईनं त्या पिठाकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर नेली.

"मी डॉक्टर आहे, दुकानदार नाही," काका तिला इंग्रजीत म्हणाले. सगळ्या बंदुका गावातल्या नोंदणीकृत डीलरकडे द्यायचं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं, आणि रागाच्या भरात सर्टिफिकेटही तिच्या हातावर ठेवलं. विधवांच्या बंदुकांबरोबर त्यांची स्वतःचीही गेली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते दारात उभे होते. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. मीच त्यांना दुकानदार म्हटलं होतं.

त्यानंतर काकांना एकच काम उरलं, फोन कुणी केला ते शोधणं. पराग, कारण ताटामागे जाण्याचा सूड. क्लबचा सेक्रेटरी, कारण त्याला स्वतःला डीलर व्हायचंय. निखिल, कारण तो हल्ली जास्त हसून बोलतो, चोराच्या मनात चांदणं. आणि मी, कारण लायसन्सची गोष्ट पहिल्यांदा मीच काढली होती. ज्यानं फोन केला त्याला दसऱ्याला सोनं देणार नाही, असं त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवात, बायकांच्या मधे उभं राहून जाहीर केलं. माझा रिकामा डबा त्याच दिवसांतला. मला राग आला होता. इतक्या वर्षांच्या शेजाराची ही किंमत, असं मी निखिलला बोलून दाखवलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला काकू एकट्या माझ्याकडे आल्या. हातात डबा होता, चिरोट्यांनी भरलेला. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मेधा, फोन मी केला होता."

 मग त्यांनी सगळं सांगितलं. खंडेनवमीला त्या हळद वाहायला वाकल्या तेव्हा उघड्या बंदुकीत काडतूस होतं. एका नळीत. काका ती आमच्याकडे फिरवून म्हणत होते, बघा रिकामी आहे. काकूंनी ते हळदीच्या बोटांनी ओढून काढलं, विड्याच्या पानाखाली लपवलं आणि आत नेलं. आमच्यापैकी कुणीही बघितलं नव्हतं. इतकी वर्षं बघा बघा म्हणणाऱ्या माणसावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवत आलो होतो.

मी म्हटलं, मग पोलिसांना त्यांच्या विसरण्याचंच सांगायचं ना, धंद्याचं कशाला?

"ते सगळं सांगितलं मी त्या बाईला. तीच म्हणाली, विक्रीचं तसंही बघावं लागणार आहे, तिथून सुरू करू." काकूंनी पदरानं चष्मा पुसला. "मेधा, त्या माणसानं जन्मभर लोकांचा श्वास मोजला. तुमच्यावर आता भरवसा नाही, असं मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? बेकायदा धंद्याचा आरोप त्यांना चालतो ग. त्याच्याशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडणार ते?"

कुणाला सांगू नकोस, म्हणाल्या. मी सांगितलं नाही. काका मात्र संशय घेत राहिले, आणि मला तो आता गोड वाटायला लागला. संशय घेतायत तोवर काका जागेवर आहेत, असं मी मनाशी म्हणायची.

पुढचा दसरा आला तोपर्यंत ते खूप उतरले होते. माझं नाव कधी आठवे, कधी नाही. मंडळानं चर्चचा हॉल घेतला होता. मीच दोघांना गाडीतून नेलं. काकू मसालेभाताचं पातेलं घेऊन आत गेल्या आणि काका गाडीतच बसून राहिले. पट्टा काढेनात. मी मदतीला वाकले तर म्हणाले, "गेल्या वर्षी खंडेनवमीला मी बंदूक उघडून दाखवली, तेव्हा तू बघितलं होतंस?"

मी खरं ते सांगितलं. नाही, म्हटलं.

"मीही नाही." ते समोर काचेतून हॉलच्या दाराकडे बघत होते. "संध्याकाळी साफ करायला घेतली तर आत हळद. काडतूस बसतं तिथे. पूजेची हळद वरून लावतात, आत कशी जाईल?"

मी पट्ट्यावरचा हात काढून घेतला.

"तुझा डबा रिकामा दिला, राग धरू नकोस. सगळ्यांवर संशय घ्यायचा म्हटल्यावर तुला एकटीला सोडून कसं चालेल? मला माहीत आहे हे तुझ्या काकूला कळलं असतं."

मग त्यांनी पट्टा स्वतःच काढला.

हॉलमध्ये सोन्याचं ताट फिरत होतं. इथे आपटा कुठला, कुणाच्या तरी बागेतल्या झुडपाची बदामाच्या आकाराची पानं असतात. काकांनी त्यातलं एक उचलून दोन्ही बाजूंनी तपासलं आणि हा आपटा नाही असं दरवर्षीप्रमाणे सांगितलं. वयानं मोठे म्हणून सगळे आधी त्यांच्याच पाया पडायला आले. पराग वाकला तर त्यांनी पाय मागे घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुला नाही. तुझ्या फोनची चौकशी चालू आहे अजून." पराग हसला. लोक हसले. काकू पातेल्यापाशी उभ्या होत्या, त्याही हसल्या, नेहमीसारख्या, जरा जपून.

काका त्यांच्यापर्यंत चालत गेले. मधे दोनदा थांबले. त्या दसऱ्याला हातातलं पहिलं पान त्यांनी काकूंच्या तळहातावर ठेवलं. ठरलेलं म्हटलं, सोनं घे, सोन्यासारखी राहा. काकूंचा हात तसाच राहिला. कुणाला सोनं मिळणार नव्हतं ते त्यांना पाठ होतं, आणि काकांना ते आठवतंय की विसरले, हे त्या त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होत्या. काकांनी त्यांची बोटं त्या पानावर एकेक करून मिटवली.

"तू बघत जा," ते म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

"बघते," काकू म्हणाल्या.